मसाई मारा, ऑगस्ट, सहा जण : राहायचं कुठे?

सावरी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केनियाला जायचं ठरतंय. तिथल्या मसाई मारा या वन्यजीव राखीव क्षेत्रात ३ रात्री. आई-बाबा (६६ आणि ७१, बाबांचा गुडघा दुखरा आणि झोपेत श्वास अडू नये म्हणून सीपॅप मशीन लागतं), आम्ही दोघं, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ५. चौघं शाकाहारी, आई कांदा-लसूणही खात नाही. नैरोबीहून गाडीनंच जायचंय.

एजंटानं तीन पर्याय दिलेत:
१. सेकेनानी गेटाबाहेरचा टेंटेड कॅम्प, सगळ्यात स्वस्त
२. राखीव क्षेत्राच्या आतला मोठा लॉज, साधारण दीडपट
३. कॉन्झर्वन्सीतला दहा तंबूंचा कॅम्प, जवळजवळ तिप्पट

फोटो तिन्हींचे सारखेच: पांढरी मच्छरदाणी, लाकडी डेक, मागे बाभळीचं झाड. विल्डबीस्ट (गायीसारखे दिसणारे हरणवर्गीय प्राणी) कळपानं नदी ओलांडतात ते बघायची सगळ्यांची इच्छा आहे. नेमकं काय बघून ठरवायचं?

नैरोबीकर

फोटो बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. मारामध्ये बिछाना किती मऊ आहे यापेक्षा तो नदीपासून आणि गेटापासून किती लांब आहे यावर सहल ठरते.

राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौ. किमी. मधून मारा नदी वाहते. नदीच्या पूर्वेचा मोठा भाग नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. सेकेनानी, तालेक, ओलोलाइमुटिया, मुसियारा ही गेटं त्या बाजूला. नदीच्या पश्चिमेचा ५१० चौ. किमीचा तुकडा म्हणजे मारा ट्रँगल. त्याचं व्यवस्थापन २००१ पासून मारा कॉन्झर्वन्सी ही ना-नफा संस्था बघते आणि त्याचं गेट ओलोलोलो. राखीव क्षेत्राच्या आत नदीवर गाडीचा पूल एकच, पुरुंगाटला, तोही दक्षिणेला टांझानियाच्या सीमेलगत. त्यामुळे कळप समोरच्या काठावर दिसला म्हणून चटकन पलीकडे जाऊ असं होत नाही.

आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यात ताडोबा असतो. मोहर्ली किंवा कोलारा गेटाबाहेर राहायचं, सकाळची फेरी, दुपारची फेरी, मधे जेवण आणि झोप. तिथे सगळेच बाहेर राहतात म्हणून फरक पडत नाही. मारामध्ये फेऱ्यांची पाळी नाही. सकाळी ६ ते संध्याकाळी ६ सलग आत राहता येतं, आणि आत मुक्कामाची सोयही आहे. मग बाहेर राहणाऱ्याचं काय जातं ते बघा. ऑगस्टमध्ये तिथे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि पावणेसातच्या आसपासच मावळतो. सकाळी गेटावर तिकीट तपासायची रांग. संध्याकाळी सहाच्या आत गेटाबाहेर पडायचं म्हणून पाचलाच परतीची घाई. सिंह अंग झाडून उठतात ती वेळ नेमकी हातची जाते.

अंतराबद्दल एजंट किलोमीटर सांगतो. तुम्ही वेळ विचारा. आतल्या मातीच्या वाटांवर गाडी सरासरी ताशी २५-३० किमीच जाते. सेकेनानीपासून नदीच्या मुख्य घाटांपर्यंत (कळप ओलांडतात त्या जागा) वाटेत न थांबता दीड तास धरा, आणि वाटेत न थांबता कोणी जात नाही.

माळटिटवी

नैरोबीकरांशी नकाशाबद्दल सहमत. पण तिसरा पर्याय न वाचताच सोडू नका.

पर्याय तीनमधली कॉन्झर्वन्सी (ट्रँगल सांभाळणारी संस्था नव्हे) म्हणजे राखीव क्षेत्राच्या उत्तर आणि पूर्वेला मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून कॅम्पांना भाड्यानं दिलेला पट्टा. मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, ओल किन्येई ही त्यातली ठळक नावं. भाडं दर महिन्याला जमीनमालकाच्या खात्यात जातं आणि त्या बदल्यात वस्ती, कुंपण, शेती होत नाही. तंबूंची संख्या एकरांवर बांधलेली असते. नाबोइशोत ३५० एकरांमागे एक तंबू, ओल किन्येईत ७०० एकरांमागे एक. तिथे मुक्काम करणाऱ्यांनाच फिरता येतं.

त्यामुळे मिळतं काय? चित्ता दिसला तर भोवती तीन-चार गाड्या. राखीव क्षेत्रात ऑगस्टमध्ये तीसही असतात, आणि तिथेही एका प्राण्याजवळ पाचच गाड्यांचा नियम आहे म्हणे! कॉन्झर्वन्सीत वाट सोडून गाडी नेता येते, रात्री दिवा लावून फिरता येतं, बंदूकधारी गाईडबरोबर पायी जाता येतं. राखीव क्षेत्रात यातलं काहीही चालत नाही.

आता तुमच्यासाठी अडचणीच्या गोष्टी.

एक, नदी. बहुतेक कॉन्झर्वन्सींत नदीपारचे मोठे घाट नाहीत. ते बघायला एक पूर्ण दिवस राखीव क्षेत्रात जावं लागतं आणि त्या दिवसाचं तिकीट वेगळं पडतं.

दोन, तुमची नैरोबीहून आणलेली गाडी. बऱ्याच कॉन्झर्वन्सींत बाहेरच्या गाडीला फिरू देत नाहीत, कॅम्पच्याच गाडीतून जायचं. म्हणजे तुमची गाडी आणि ड्रायव्हर तीन दिवस उभे, त्यांचं भाडं चालू, आणि कॅम्पच्या दरात त्यांच्या गाडीचे पैसे आहेतच. तिथे जाणारे बहुतेक जण नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं जातात ते याचसाठी.

तीन, पाच वर्षांचा मुलगा. लहान कॅम्पांत वयाची किमान अट असते, कुठे ५, कुठे ८, कुठे १२. घेतलंच तरी इतर पाहुण्यांबरोबरच्या गाडीत बसवत नाहीत, तुमच्यासाठी स्वतंत्र गाडी घ्यायला लावतात आणि तिचा रोजचा आकार वेगळा. पायी फेरीला तर दोन्ही मुलांना बहुधा नाहीच म्हणतील.

हिशेबनीस

इथे पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. तंबूचा दर एक आणि तिकिटाचा दर दुसरा. बाहेरचा कॅम्प स्वस्त दिसतो तो पहिल्याच आकड्यापुरता.

२०२४ पासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर (जानेवारी ते जून १००). ९ ते १७ वयाला ५० डॉलर, ८ पर्यंत फुकट. तिकीट १२ तासांचं, सकाळी ६ ते संध्याकाळी ६. आधीसारखं २४ तासांचं नाही. जुन्या ब्लॉगांतले आकडे विसरा.

तुमचं कुटुंब: ४ प्रौढ × २०० = ८००, मुलगी ५०, मुलगा फुकट. दिवसाला ८५० डॉलर.

बाहेर राहून ३ रात्री: पहिल्या दिवशी संध्याकाळची फेरी, दोन पूर्ण दिवस, चौथ्या दिवशी सकाळची फेरी. चार तिकिटं, ३,४०० डॉलर. पहिल्या दिवशी दोन तासांसाठी ८५० डॉलर जातात हे लक्षात घ्या. ते वाचवायचे म्हणून पहिली संध्याकाळ आणि शेवटची सकाळ सोडलीत तर १,७००, पण मग हातात दोनच दिवस उरतात.

आत राहून ३ रात्री: तीन तिकिटं, २,५५० डॉलर. चौथ्या दिवशी सकाळी १० च्या आत गेटाबाहेर पडायचं, नाहीतर आणखी एक तिकीट. म्हणजे पहिली संध्याकाळ आणि शेवटची सकाळ दोन्ही त्यातच बसतात.

फरक ८५० डॉलर. सहा जणांच्या तीन रात्रींवर वाटलात तर पर्याय १ आणि २ मधली बरीचशी दरी इथेच बुजते. १० च्या नियमाचं गणित ड्रायव्हरला आदल्या रात्री सांगा. सामान गाडीत टाकून, बिल भागवूनच सकाळच्या फेरीला निघायचं. 'फेरी मारून येऊ, आंघोळ-नाश्ता करू आणि निघू' या आपल्या सवयीनं साडेदहा वाजतात आणि दंड बसतो.

एजंटाच्या कोटेशनमध्ये 'पार्क फी समाविष्ट' लिहिलंय का, आणि ते २०० च्या दरानं का, हे लेखी घ्या.

सावरी

हिशेबनीस, हा हिशेब एजंटानं दिलाच नव्हता! कोटेशनमध्ये फक्त 'एन्ट्रन्स ॲज पर ॲक्च्युअल्स' (प्रवेश शुल्क होईल तेवढं) आहे.

म्हणजे आतला लॉज जवळजवळ ठरल्यासारखा. पण 'आतला' म्हणजे कुठला? आणि बाबांच्या मशीनचं काय?

नैरोबीकर

आतले ढोबळ तीन गट करा.

पूर्वेकडचे, सेकेनानी-कीकोरोक बाजूचे. कीकोरोक लॉज १९६० च्या दशकापासूनचं, सारोवा मारा सेकेनानी गेटाच्या अगदी जवळ. नैरोबीहून नारोकमार्गे येताना रस्ता सोपा, पाच-सहा तासांत पोचता. खोल्या किंवा तंबू, कॅन्टीनछाप पण भरपेट बुफे, गेटापर्यंत पक्का रस्ता. नदी लांब.

मधले, तालेक आणि मारा नद्यांच्या काठचे. नदीचे घाट जवळ, मोठ्या मांजरांचा (सिंह, बिबट्या, चित्ता) इलाका. कॅम्प तंबूंचे, बहुतेक विनाकुंपण.

पश्चिमेचे, ट्रँगलमधले. मारा सेरेना टेकडीवर आहे, खाली नदी आणि मैदान दिसतं. गाड्यांची गर्दी तुलनेनं कमी, वाटा राखलेल्या, नियम कडक. पण नैरोबीहून गाडीनं जायला जास्त वेळ. सेकेनानीतून शिरून पुरुंगाट पुलावरून पलीकडे जायचं तर आत शिरताक्षणी तिकीट लागू होतं आणि सहाच्या आत पोचायचं दडपण. नैरोबी सकाळी लवकर सोडली तर जमतं.

तुम्हाला नदीपार बघायचंय म्हणून मधला किंवा पश्चिमेचा गट. कळप काठावर येतो, तासभर धूळ उडवतो, पहिला प्राणी पाणी हुंगतो आणि सगळे माघारी फिरतात, असं दिवसातून दोनदाही होतं. याची हमी कोणी देऊ शकत नाही आणि देणाऱ्या एजंटाला नमस्कार करावा. जवळ राहणाऱ्याला फायदा एवढाच की तो दुपारी कॅम्पवर जाऊन परत येऊ शकतो. लांबून आलेल्याला गाडीतच बसून राहावं लागतं. आणि काठावर स्वच्छतागृह नसतं. ७१ वर्षांच्या माणसाला चार तास गाडीत ठेवायचं म्हणजे काय, हे कोणत्याही ब्रोशरात छापलेलं नाही. झुडपामागे जायला उतरता येतं ते ड्रायव्हर सांगेल तिथेच, घाटाजवळ तर मुळीच नाही.

ओसाडगावचा_पाटील

सावरीताई, मशीन आणि गुडघा या दोन गोष्टींवर कॅम्प निवडा. बाकी सगळं सांभाळून घेता येतं.

वीज. आतल्या कॅम्पांना गावाची लाइन नाही. सौर पॅनेल आणि बॅटऱ्या, जोडीला जनरेटर. अनेक ठिकाणी जनरेटर ठरावीक तासांपुरता: पहाटे दोन-तीन तास, दुपारी थोडा, संध्याकाळी ते रात्री दहा-अकरा. नंतर खोलीतला दिवा बॅटरीवर लागतो पण प्लग मेलेला असतो. '२४ तास वीज' असं लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा दिव्यापुरतं खरं असतं. म्हणून प्रश्न असा विचारा: 'रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात पलंगाजवळच्या प्लगला २४० व्होल्ट असतात का? सीपॅप चालवायचंय.' उत्तर हो असेल तर ईमेलवर घ्या. नाही असेल तर कॅम्प इन्व्हर्टर बॅटरी तंबूत ठेवून देतो का विचारा. मागणी नवी नाही, त्यांना माहीत असते.

स्वतःची बॅटरी न्यायची तर विमानात १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी परवानगी, त्यावर नाही. चेक-इन सामानात अजिबात नाही. मशीनचं ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली तर वीज फार कमी लागते. १२ व्होल्टची डीसी केबल मिळत असेल तर घ्या. केनियात प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. आपली गोल पिन जात नाही. अडॅप्टर दोन घ्या, एक मशीनसाठी राखीव.

गुडघा. पुढचं विचारा:
– खोली किंवा तंबू जेवणघरापासून किती पावलांवर? शंभर ते तीनशे मीटर सर्रास असतं, तेही मुरूम-खडीच्या पायवाटेनं.
– तंबू ओट्यावर आहे की खांबांवर? खांबांवर असेल तर किती पायऱ्या, कठडा आहे का?
– न्हाणीघरात उंबरा आहे का? बाथटबमध्ये उभं राहून शॉवर असेल तर नको म्हणा.
– कॅम्पला पोचायला होडी तर नाही ना? लिटल गव्हर्नर्ससारख्या ठिकाणी मारा नदी होडीनं ओलांडून, काठ चढून जावं लागतं. जागा सुरेख, पण बाबांसाठी नाही.

टेकडीवरच्या लॉजना दृश्य मिळतं ते उतारामुळे, आणि उतार म्हणजे पायऱ्या. तिथे राहायचं असेल तर 'मुख्य इमारतीजवळची, वरच्या पातळीवरची खोली' असं नोंदवून ठेवा. पोचल्यावर मागितली तर मिळेलच असं नाही.

अंधार पडल्यावर एकट्यानं चालायचं नसतं. विनाकुंपण कॅम्पात पाणघोडे रात्री गवत खायला हिरवळीवर येतात. पहारेकरी, ज्याला तिथे अस्कारी म्हणतात, जेवायला न्यायला येतो आणि परत सोडतो. बोलवायला टॉर्च, शिट्टी किंवा वॉकीटॉकी असतो. रात्री बाबांना काही लागलं तर शेजारच्या तंबूत तुम्ही स्वतः धावत जाऊ शकत नाही. म्हणून आई-बाबांचा तंबू वेगळा नको, फॅमिली तंबू बघा.

सावरी

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण सहा जणांना एक फॅमिली तंबू पुरेल का?

माळटिटवी

फॅमिली तंबू बहुधा चार जणांचा: दोन झोपायच्या खोल्या, मधे बैठक, एक किंवा दोन न्हाणीघरं. तुमच्यासाठी सरळ मांडणी अशी: फॅमिली तंबूत आई-बाबा एका खोलीत, दुसऱ्या खोलीत तुमच्यापैकी एक जण आणि मुलगा. शेजारच्या दोघांच्या तंबूत दुसरा पालक आणि मुलगी. एजंट तीन डबल तंबू लिहील, त्यात मुलं एकटी पडतात. लहान मुलाला मोठ्या माणसाशिवाय तंबूत ठेवायला कॅम्प परवानगी देत नाही, आणि देत असेल तर तुम्ही देऊ नका.

'ट्रिपल' लिहिलेलं असेल तर तिसरा पलंग खरा आहे की घडीचा, ते विचारा. तंबूत घडीचा पलंग घातला की बॅग उघडायला जागा उरत नाही.

पाच वर्षांच्या मुलासाठी मोठं लॉज मला बरं वाटतं. कुंपण असतं, पोहायचा तलाव असतो (ऑगस्टमध्ये पाणी गार, तरी मुलं उतरतात), आणि दुपारी एकजण त्याच्याबरोबर मागे राहू शकतो. कॉन्झर्वन्सीच्या बाजूनं मीच बोलत होते, पण या सहा जणांना तो पैसा लागू पडणार नाही. तिथल्या पायी फेरी आणि रात्रीच्या फेरीसाठी जादा मोजायचं आणि तिथे अर्धे लोक जाणारच नाहीत.

रिकामटेकडा

एवढ्या भानगडी करण्यापेक्षा टांझानियातलं सेरेंगेटी का नको? नकाशात तर खेटून आहे. दोन्ही करून टाका.

नैरोबीकर

खेटून आहे, पण दार बंद आहे. मारा आणि सेरेंगेटीमधली सँड रिव्हरची सीमा पर्यटकांना १९७७ पासून बंद. गाडीनं जायचं तर इसेबानियामार्गे पश्चिमेकडून वळसा किंवा नामांगामार्गे अरुशा. एक दिवस रस्त्यातच जातो. तीन रात्रींत हे बसत नाही.

फक्त सेरेंगेटीच करायचं असेल तर राहण्याचा नियम आणखी कडक आहे, कारण ते १४,७६३ चौ. किमी आहे. ऑगस्टमध्ये नदीपारसाठी उत्तरेला कोगातेंडेला राहायला हवं. मध्य सेरेंगेटीतल्या सेरोनेराला राहून रोज नदीवर जाऊ म्हणणारा एजंट नकाशा न बघता बोलतोय. तिथले बरेच हंगामी कॅम्प वर्षातून दोनदा जागा बदलतात: डिसेंबर ते मार्च दक्षिणेला एनडुटू, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला. नाव तेच, जागा वेगळी. म्हणून तारखेसकट ठिकाण विचारायचं. आणि न्गोरोंगोरोला विवराच्या तळाशी मुक्काम नाहीच. एकतर कड्यावर, सव्वादोन हजार मीटर उंचीवर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, नाहीतर गेटाबाहेर कराटूला. कड्यावर राहिलात तर सकाळी विवरात उतरणाऱ्या पहिल्या गाड्यांत तुमची गाडी असते, एवढ्यासाठी तिथे जादा पैसे.

पोळीभाजी

जेवणावर कोणीच नाही? मग मीच.

केनियात शाकाहाराची चिंता कमी करा. गुजराती समाज तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, चपाती तर केनियन माणसाचं रोजचं खाणं झालंय. मोठ्या लॉजच्या बुफेत वरण, एक-दोन भाज्या, भात असतोच. डेंगू म्हणून हिरव्या मुगाची उसळ असते, नाव ऐकून दचकू नका. कॅम्पचे कर्मचारी डेंगू-चपाती खातात. बुफेत दिसली नाही तर मागा, आनंदानं आणून देतात.

आईंचा प्रश्न खरा आहे. तिथली प्रत्येक शिजवलेली भाजी कांदा-टोमॅटोवर सुरू होते, आणि कचुंबरी म्हणजे कच्चा कांदा असतोच. बुकिंगच्या वेळी 'व्हेजिटेरियन' लिहिलं तर कांदा येणार. 'जैन' लिहा, हा शब्द तिथल्या स्वयंपाकघरांना कळतो. बटाटा चालत असेल तर तेही लिहा, नाहीतर तोही काढून टाकतील आणि उरेल कोबी. लहान कॅम्पांत सामान आठवड्यातून ठरावीक दिवशी नैरोबीहून येतं. निदान दोन आठवडे आधी कळवलं नाही तर आचाऱ्याची इच्छा असूनही हातात काही नसतं.

सकाळी सहाला निघायचं म्हणजे नाश्त्याचा डबा. तो आदल्या रात्री आठच्या आत सांगावा लागतो. न सांगता मिळतो तो सँडविच, उकडलेलं अंडं, केळं, ज्यूस. आईंसाठी सँडविचमध्ये काय घालायचं ते लिहून द्या.

घरून चिवडा-लाडू न्याल तर डब्यांत न्या. केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, आणि जून २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलच्या बाटल्या घ्या, कॅम्पात भरून मिळतात. खाऊ तंबूत उघडा ठेवायचा नाही. चेनच्या कडेला बोटभर फट राहिली तर माकडं आत शिरतात, आणि ती चेन उघडायला शिकलेली असतात. दोन्ही चेनची टोकं एकत्र अडकवायला छोटी कडी न्या.

मृगजळ

अवांतर, पण स्वतः स्वयंपाक करूनच राहायचं असेल तर क्रूगर हा वेगळा मार्ग आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यान संस्थेचे स्कुकुझा, सतारा, लोअर साबी असे कुंपणबंद कॅम्प, स्वयंपाकघर असलेले बंगले, स्वतःची भाड्याची गाडी, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. पैसे खूप कमी. बुकिंग जवळजवळ ११ महिने आधी उघडतं आणि शाळांच्या सुट्ट्यांतले बंगले भराभर जातात. कॅम्पचं फाटक महिन्यागणिक वेगळ्या वेळी बंद होतं, उशीर झाला तर दंड. पण विल्डबीस्टची नदीपार तिथे नाही, म्हणून सावरीताईंच्या उपयोगाचं नाही. पुढे कोणी धागा शोधत आलं तर असू दे.

सावरी

सगळ्यांचे आभार. एजंटाशी बोलले. आता त्यानं पर्याय २ बदलून तालेक नदीकाठचा, राखीव क्षेत्राच्या आतला कॅम्प सुचवलाय. फॅमिली तंबू एक आणि डबल एक, शेजारी-शेजारी. रात्री प्लगला वीज नाही, पण इन्व्हर्टर बॅटरी देतो म्हणाले. गाडी मात्र 'सात सीटर सफारी व्हॅन' लिहिलीय. आणि मुंबईहून विमान दुपारी नैरोबीला उतरतं, तर त्याच दिवशी मारा गाठायचं असं त्यानं ठरवलंय. हे बरोबर आहे का?

नैरोबीकर

त्याच दिवशी अजिबात नाही. दुपारी उतरून, ईटीएची (आधीच ऑनलाइन काढायची प्रवेश-परवानगी) तपासणी आणि सामान आटपून बाहेर यायलाच तास-दीड तास. पुढे पाच-सहा तास रस्ता. सहाला गेट बंद. आतल्या कॅम्पचं बुकिंग असलं तरी उशिरा आत सोडत नाहीत, मग ती रात्र गेटाबाहेर कुठेतरी काढायची आणि आतल्या रात्रीचे पैसे बुडवायचे. पहिली रात्र नैरोबीत, सकाळी साडेसहाला निघा, नारोकला चहा आणि स्वच्छतागृह, जेवायला कॅम्पात. तुमच्या ३ रात्री त्यानंतरच्या धरा.

इन्व्हर्टर बॅटरीबद्दल एवढंच विचारा: किती वॉट-तासांची, आणि रोज दिवसा ती चार्ज करून परत आणून ठेवायची जबाबदारी कोणाची.

कॅम्प 'आत' आहे म्हणतो तर त्याचं गुगल पिन मागवा आणि स्वतः बघा. तालेक नदी हीच तिथे बऱ्याच अंतरापर्यंत सीमा आहे. दक्षिण काठ आत, उत्तर काठ बाहेर. नदीकाठचा म्हणजे आतलाच असं नाही, आणि उत्तर काठावर असेल तर हिशेबनीसांचं चार तिकिटांचं गणित लागू होईल. शिवाय तालेक गावाजवळ असेल तर रात्री गावातलं संगीत ऐकू येतं.

ओसाडगावचा_पाटील

व्हॅन नको, छत वर उचलणारी लँड क्रूझर लिहून घ्या. ऑगस्टमध्येही मारात दुपारची सर येते आणि काळ्या मातीच्या वाटेवर दोनच चाकांना इंजिनाची ओढ असलेली व्हॅन रुतते. लँड क्रूझर उंच असते, बाबांना चढायला जड जाईल, तर एक घडीचं पायठाण गाडीत ठेवायला सांगा. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी नकोत. तिथून छताबाहेर उभं राहता येत नाही, आणि मागच्या चाकांवरची सीट हाडं खिळखिळी करते. मधल्या रांगेतली खिडकी त्यांच्यासाठी राखा. सात सीटच्या गाडीत सहा जण बसले की कॅमेऱ्याची बॅग ठेवायला एक जागा उरते, सातवा माणूस 'शेअरिंग' म्हणून घुसवणार नाही हेही लिहून घ्या.

हिशेबनीस

आणि ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाचे पैसे कोण देणार ते. आतल्या कॅम्पांत ड्रायव्हरसाठी वेगळी जागा असते, तिचा आकार असतो. कोटेशनमध्ये ती ओळ नसेल तर कॅम्प सोडताना बिलात येते.

सावरी

पिन मागवलं. उत्तर काठावर निघालं! एजंट म्हणतो, 'पुलावरून पाच मिनिटांत आत.'

हिशेबनीस

पाच मिनिटं असोत की पन्नास, पुलाच्या त्या टोकाला गेट आहे आणि गेटावर तिकीट. आता त्याला दोन कोटेशनं मागा: या कॅम्पचं चार तिकिटांसकट आणि दक्षिण काठावरच्या कॅम्पचं तीन तिकिटांसकट. रकमा शेजारी-शेजारी ठेवा आणि इथे टाका.